गावातल्या मुलांसोबत सिनेमा करायचा आहे (डिचोली, गोवा) – आखणी तपासून द्याल का?

चिऱ्याची_भिंत
नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावर मे महिन्यात मुलांची सिनेमा कार्यशाळा घ्यायची आहे. आम्ही पाच जण, सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे, सिनेमा शिकलेले किंवा शिकत असलेले. मुलं २०, वय ९ ते १४. जागा देवळालगतचं सभागृह. पंखे आहेत, एसी नाही. सामान: एक मिररलेस कॅमेरा, चार मोबाइल, एक ट्रायपॉड, कॉलरला लावायचे वायरवाले दोन माइक, एक लॅपटॉप. दिवस चार.

आखणी अशी: पहिल्या दिवशी सिनेमा म्हणजे काय यावर बोलणं आणि कथा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शूटिंग, चौथ्या दिवशी एडिटिंग आणि संध्याकाळी गावाला दाखवायचं. सगळ्यांचा मिळून २० मिनिटांचा एकच सिनेमा. मुलांनी "हा आमचा" म्हणावं असं काहीतरी व्हायला हवं. आम्ही केलेल्या सिनेमात मुलं उभी केली, असं नको.

प्रश्न तीन. चार दिवस पुरतील का? मिररलेस की मोबाइल? आणि एडिटिंगमध्ये मुलांना किती घ्यायचं?

पाटो_पूल
रुमाल टाकून ठेवतो. मोबाइलच घ्या, कारणं संध्याकाळी लिहितो.

तिसरी_घंटा
चार दिवसांत २० मिनिटं होणार नाहीत. साधा हिशेब करा. २० मिनिटं म्हणजे १२०० सेकंद. एक शॉट सरासरी ६ सेकंदांचा धरला तरी २०० शॉट लागतात. मुलांच्या गटाला एका सकाळी १२ ते १५ शॉट मिळतात, कारण प्रत्येक शॉटला जागा ठरवणं, तालीम, निदान तीन टेक आणि मधलं हसणं, हे सगळं धरावं लागतं. दोन दिवसांच्या चार सत्रांत ६० शॉट झाले तरी भरपूर.

त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. एकच सिनेमा असला की पाच मुलं कामात असतात आणि पंधरा बघत उभी राहतात. ती पंधरा मुलं तासाभरात कंटाळतात, मग दंगा सुरू होतो. दंगा सुरू झाला की तुमच्यातलाच कोणीतरी कॅमेरा हातात घेऊन "चला, पटकन उरकू" म्हणतो. तुम्हाला जे नको आहे ते नेमकं त्या क्षणी घडतं.

म्हणून चार गट, प्रत्येकी पाच मुलं, प्रत्येक गटाचा तीन मिनिटांचा सिनेमा. तीन मिनिटं म्हणजे साधारण ३० शॉट, म्हणजे दोन सत्रांचं काम. पाच जणांना पाच कामं: दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, पाटी (शॉटचा क्रमांक दाखवणारा क्लॅपबोर्ड) आणि नोंदवही, पाचवा कॅमेऱ्यासमोर. दर पाच-सहा शॉटनंतर कामं फिरवायची, घड्याळाच्या दिशेने. पाटी-नोंदवहीचं काम मुलांना आधी कमी दर्जाचं वाटतं. त्यासाठी "रेकॉर्ड", "पाटी" आणि "थांबा" हे शब्द म्हणायचा अधिकार त्यालाच द्या, बाकी कोणालाही नाही. मग त्या कामासाठी भांडणं होतात.

तुमच्या पाच जणांपैकी चौघं एकेका गटासोबत राहतील. पाचवा मोकळा हवा: बॅटऱ्या, कार्ड, पाणी, पालक. गटासोबतच्या माणसाला एकच नियम: शूटिंग चालू असताना हात पाठीमागे. चौकट वाकडी दिसली तर "कडा बघ" एवढंच म्हणायचं. तरीही वाकडी राहिली तर राहू द्या. संध्याकाळी पडद्यावर बघताना मुलगा स्वतःच ओळखतो आणि दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता आधी कडा तपासतो.

कुळागर
तिसरी_घंटा यांच्याशी सहमत, फक्त दिवस चार नकोत, सहा अर्धे दिवस घ्या. सकाळी साडेआठ ते साडेबारा. मे महिन्यात दुपारी बाहेर काढायची वेळ नाही, मुलांना नाही आणि मोबाइलनाही. ३५ अंशांच्या वर उन्हात फोन तापतो, स्क्रीन मंद करतो आणि मग रेकॉर्डिंग बंद पाडतो. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. सावलीत, पंख्याखाली, कव्हर काढून दहा मिनिटं ठेवा.

पहिल्या दिवशी सिनेमा म्हणजे काय हे बोलू नका, करायला द्या. ल्युमिएर बंधूंच्या १८९५ च्या यंत्रात साधारण १७ मीटर फिल्म बसायची, म्हणजे जेमतेम ५० सेकंद. १८९६ च्या जुलैमध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जे खेळ झाले ते एवढ्या लांबीच्या तुकड्यांचेच होते. मुलांनाही तेच बंधन घाला: कॅमेरा हलवायचा नाही, झूम नाही, मध्ये थांबवायचं नाही, एक मिनिट. प्रत्येकाचा एक शॉट. सुरू करण्याआधी पाच मिनिटं नुसतं त्या जागी उभं राहून बघायचं: इथे कोण येतं, कुठून येतं, कुठे जातं. वीस मुलांचे एकेक मिनिटाचे वीस शॉट झाले की सगळ्यांनी एकत्र बघायचे, तेही आवाज बंद करून.

हा खेळ फार काही शिकवतो. सकाळी पदेर (सायकलवरून पाव विकणारा) येतो तेव्हा भोंग्याचा आवाज आधी येतो आणि सायकल नंतर. ज्या मुलाने आवाज ऐकून बटण दाबलं त्याच्या चौकटीत रिकामी वाट असते, मग सायकल आत येते, थांबते, टोपलीवरचं निळं प्लास्टिक उघडतं, पाव जातात, प्लास्टिक पुन्हा झाकलं जातं, सायकल बाहेर जाते. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं आलं. ज्याने सायकल दिसल्यावर बटण दाबलं त्याची सुरुवात हुकलेली असते. दोन्ही शॉट लागोपाठ दाखवले की व्याख्यान द्यावं लागत नाही.

वाळपईची
पदेराचं उदाहरण झकास. वाचनखूण साठवली.

पाटो_पूल
आता मोबाइलबद्दल. मिररलेस एकच आहे, हे पहिलं कारण. तो ज्या गटाकडे जाईल त्याचा सिनेमा "खरा" आणि बाकीच्यांचा "मोबाइलवरचा" असं मुलं ठरवतात. दुसरं, मुलांच्या घरी मोबाइल आहे. कार्यशाळा संपल्यावर ती त्याच यंत्रावर पुढे करू शकतात. मिररलेस पाचव्या माणसाकडे द्या, कामाचे फोटो काढायला.

चारही फोनवर आदल्या रात्री हे करून ठेवा, सकाळी वेळ मिळत नाही:

विमान मोड. नाहीतर टेकच्या मध्ये आईचा फोन येतो.
१०८०पी. ४के नको, जागा खातं आणि फोन तापवतं.
सेकंदाला २५ फ्रेम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ३० फ्रेमवर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली चित्रात पट्टे सरकतात. आयफोनमध्ये व्हिडिओच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट चालू केल्यावर २५ दिसतं. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा, दोन्ही फुकट आहेत. शटर १/५०, उजेड जास्त असेल तर १/१००.
स्क्रीनवरची चौकोनी जाळी (ग्रिड) चालू.
लेन्स पुसायला सुती कापड, दोरीने फोनच्या क्लिपला बांधलेलं. मुलांच्या बोटांना खोबरेल असतं. धुरकट शॉटचं कारण दहातल्या नऊ वेळा तेच.

फोकस आणि उजेड बोट दाबून ठेवून लॉक करायला पहिल्याच दिवशी शिकवा. सावलीतून उन्हात माणूस आला की फोन आपोआप उजेड कमी-जास्त करतो आणि चित्र पंप मारल्यासारखं दिसतं.

जागेचा हिशेब: १०८०पी ला मिनिटाला साधारण १३० एमबी. तीन मिनिटांच्या सिनेमासाठी १५ मिनिटं शूट धरा. चार गटांचे ६० मिनिटं, म्हणजे ८ जीबीच्या आसपास. दुपारी एकदा केबलने लॅपटॉपवर, तिथून वेगळ्या ड्राइव्हवर. दोन प्रती झाल्याशिवाय फोनमधलं काही पुसायचं नाही. व्हॉट्सॲपने पाठवू नका, ते चित्र दाबून लहान करतं.

फोंडेकर_मास्तर
गटांविषयी थोडं वेगळं मत. वयानुसार गट करू नका. ९ वर्षांच्या मुलांचा वेगळा गट केला की तो गट ट्रायपॉड उचलण्यातच दमतो, आणि १४ वर्षांच्यांचा गट मालिकांची नक्कल करतो. प्रत्येक गटात एक मोठं, एक लहान आणि मधली तीन. सख्खी भावंडं आणि जिवलग मित्र शक्यतो वेगवेगळ्या गटांत. मुलगे-मुली मिसळून. आणि कॅमेरा पहिल्यांदा लहानाच्या हातात. उलट केलं तर लहानाची पाळी येईपर्यंत जेवणाची वेळ होते.

पालकांची सभा आदल्या आठवड्यात घ्या. "आमच्या बाळाला मुख्य काम द्या" ही मागणी येणारच. कामं फिरणार आहेत हे तेव्हाच तक्ता दाखवून सांगितलं तर पुढे त्रास नाही.

संमतीपत्रावर तीन वेगळ्या सह्या घ्या: मुलाने भाग घ्यायला, सिनेमा गावात दाखवायला, आणि नेटवर टाकायला. तिसरी न देणारे पालक असतात आणि तो त्यांचा हक्क आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. शिवाय मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२, आणि गोव्याचा स्वतंत्र बाल कायदा २००३ चा. व्यवहारात अर्थ एवढाच: कुठलंही मूल एकट्या मोठ्या माणसासोबत बंद खोलीत नसावं, एडिटिंगलासुद्धा. व्हॉट्सॲप गट पालकांचा, मुलांचा नाही. कपडे बदलण्याचा प्रसंग कथेत असेल तर घरून बदलून यायचं.

चिऱ्याची_भिंत
धन्यवाद सगळ्यांना. तीन सह्यांची गोष्ट डोक्यातच नव्हती. म्हणजे नेटवर टाकायची सही एका पालकाने दिली नाही तर त्या गटाचा पूर्ण सिनेमा नेटवर जाणार नाही?

फोंडेकर_मास्तर
हो, जाणार नाही. त्या मुलाला कापून काढणं किंवा चेहरा धूसर करणं त्याला सगळ्यांसमोर वेगळं पाडतं. गावात दाखवला की तो सिनेमा पूर्ण झाला. इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) २००४ पासून गोव्यात आहे म्हणून आपल्याकडे प्रत्येकाला पहिली आठवण महोत्सवाची येते. मुलांचा पहिला प्रेक्षक वाडाच असू दे.

आवाजी
धाग्यात आवाजाचा अजून कोणी उच्चार केला नाही, आणि मुलांचे सिनेमे बहुतेक वेळा तिथेच पडतात. चित्र वाकडं असलं तरी लोक बघतात, बोलणं ऐकू आलं नाही तर उठून जातात.

आधी सामान. तुमचे वायरवाले माइक मोबाइलसाठीचे आहेत का ते बघा. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर मोबाइल ओळखतो. दोनच रेघा असतील तर तो कॅमेऱ्याचा माइक, फोन त्याला हेडफोन समजतो आणि स्वतःच्या माइकवर रेकॉर्ड करत राहतो. फसगत लवकर कळत नाही, कारण आवाज येतोच, फक्त लांबून येतो. तपासायची रीत: रेकॉर्डिंग चालू करून माइकवर नखाने टकटक करा, मग फोनवर करा. कुठली मोठी आली ते ऐका.

माइक हनुवटीखाली एक वीत. वर फार जवळ लावला तर श्वास येतो. सुती सदरा चालतो, सणासुदीचा नायलॉनचा फ्रॉक खसखसतो. बाहेर वारा असेल तर स्पंजच्या टोपीवर केसाळ कापडाचा तुकडा गुंडाळा, जुन्या टेडीचंसुद्धा चालतं. दोन माइक आणि चार गट, त्यामुळे बाकीच्यांनी दुसरा फोन आवाजासाठी वापरावा: बोलणाऱ्याच्या तोंडापासून दीड-दोन वीत, चौकटीच्या अगदी बाहेर, सदऱ्याच्या खिशात किंवा पाटाखाली. तो फोन वेगळा म्हणून टाळी हवीच. पाटी नसेल तर हाताची टाळी कॅमेऱ्यात दिसेल अशी. मोबाइलची फ्रेम एकसारखी चालत नाही, म्हणून लांब टेकला आवाज आणि ओठ हळूहळू सुटतात. टेक एक मिनिटाच्या आत ठेवा आणि एडिटिंगआधी क्लिप हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमच्या करून घ्या.

घरात शूटिंग असेल तर पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद करताना तुमच्या स्कूटरची चावी फ्रीजमध्ये ठेवा. चावीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रीज पुन्हा चालू करायचा राहत नाही. त्या घरातल्या मासळीचा प्रश्न असतो. पत्र्याच्या छपराखाली ऊन चढतं तसा पत्रा टणटण वाजतो, तेव्हा संवाद सकाळी लवकर घ्या. आणि प्रत्येक जागेचा नुसता आवाज ३० सेकंद वेगळा घ्या, कोणी न बोलता. मुलांना हे तीस सेकंद फार आवडतात. त्यानंतर "काय काय ऐकू आलं?" विचारा आणि फळ्यावर यादी करा.

शेवंती
संगीताचं काय? मुलं सिनेमाचं गाणं टाकायचं म्हणणारच.

आवाजी
सिनेमाचं गाणं टाकलं की नेटवर हक्काचा दावा येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे सगळे सिनेमे एकसारखे वाटतात. डिचोलीत आहात, घुमट आहे, मडक्यावर चामडं ताणून केलेलं वाद्य. मुलांमध्येच आरतीला घुमट, शामेळ (ढोलासारखं), कासाळें (झांजेसारखं) वाजवणारी दोन-तीन सापडतील. घुमटाला दोन तोंडं. मोठ्यावर चामडं, लहान उघडं, त्यावर वादकाचा तळहात उघडझाप करतो आणि सूर वळतो. चामड्यासमोर माइक धरला तर नुसता ठोका येतो आणि फुटतो. बाजूला, दोन्ही तोंडांच्या मध्ये, तीन फुटांवर धरा. दमट हवेत चामडं सैल पडतं, वाजवण्याआधी थोडा शेक द्यावा लागतो, पंधरा मिनिटं धरून ठेवा.

कुळागर
विषयांतर होतंय पण मुलांना सांगण्यासारखं आहे: पूर्वी घुमटाला घोरपडीचं चामडं लागायचं. घोरपड वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, म्हणून आता बकरीचं वापरतात. आवाजातला फरक जुनेजाणते लगेच सांगतात.

तिसरी_घंटा
विषयांतर नाहीच, उलट हा दुसऱ्या दिवसाचा पाठ होऊ शकतो. डिचोलीची कुंभारकी नावाजलेली. घुमटाचं मडकं घडवणारा कुंभार जवळपास असेल तर मुलांना त्याच्याकडे न्या आणि पाच शॉट घ्यायला सांगा, प्रत्येकी १० सेकंद, कॅमेरा न हलवता. एक, हात: ओल्या मातीत बुडलेला अंगठा आणि त्याच्यामागे वर चढत जाणारी मडक्याची भिंत. दोन, चेहरा: हाताकडे बघणारा, कॅमेऱ्याकडे नाही. तीन, लांबून: माणूस, चाक, मागची भट्टी, वाळत घातलेली मडकी. चार, त्याच्या खांद्यावरून: त्याला जे दिसतं ते. पाच, मुलाला वाटेल तो. पाचवा शॉट बघून कळतं मूल काय बघतंय. कोणी चाकाखालचा चिखल घेतो, कोणी भिंतीवरचं कॅलेंडर.

हे पाच तुकडे कसेही जोडले तरी जुळतात. मुलांना पहिल्यांदा "कापणं" म्हणजे काय ते तिथे दिसतं. कुंभाराची आधी रीतसर परवानगी घ्या, त्याच्या कामाचा दिवस असू द्या, आणि एका वेळी एकच गट जाऊ दे.

वाळपईची
भाषेचं ठरवलंय का? कार्यशाळा मराठीत म्हणताय, पण वाड्यावरची मुलं आपसात कोंकणीत बोलतात. संवाद मराठीत लिहून द्यायला लागलात की ती पाठांतर स्पर्धेसारखी बोलतात, हात शरीराला चिकटवून.

फोंडेकर_मास्तर
इथे मी थोडा विरोध करेन. या भागात घरात, देवळात, नाटकात मराठी आहे. पेडण्या-डिचोलीच्या मुलाला दशावतारातली मराठी ऐकून पाठ असते. मराठी म्हणजे कृत्रिम असं धरून चालू नका.

वाळपईची
मास्तर, मराठी कृत्रिम असं म्हटलेलं नाही. लिहून दिलेला संवाद कृत्रिम होतो, कुठल्याही भाषेतला. राजाचं काम करणारा मुलगा दशावतारी मराठीत बोलला तर ते त्याचंच आहे. आईला हाक मारताना तो कोंकणीत मारेल. दोन्ही एकाच सिनेमात येऊ दे.

फोंडेकर_मास्तर
असं असेल तर पूर्ण मान्य. मग संवाद लिहूच नका. प्रसंग सांगा, मुलं बोलतील, नोंदवहीवाला लिहून घेईल, तिसऱ्या तालमीत जे टिकलं तो संवाद. पहिला सिनेमा शक्य तितका कमी बोलण्याचा ठेवा.

संकलिका
एडिटिंगवर येते. एक लॅपटॉप आणि चार गट, इथे तुमची आखणी अडणार. शेवटच्या रात्री कार्यशाळा घेणारेच जागून चारही सिनेमे जोडतात आणि सकाळी मुलांना तयार सिनेमा दिसतो. त्यातला "आपला" भाग तिथेच जातो. उपाय असा.

शूटिंग झाल्यावर प्रत्येक चांगल्या शॉटची एक चिठ्ठी: शॉट क्रमांक, टेक क्रमांक, एक ओळ, आणि मुलाने काढलेलं अंगठ्याएवढं चित्र. चिठ्ठ्या सभागृहाच्या जमिनीवर पसरायच्या. गटाने त्या क्रमाने लावायच्या, हलवायच्या, काही बाजूला काढायच्या. पंखा बंद ठेवा किंवा प्रत्येक चिठ्ठीवर खडा. तीस चिठ्ठ्यांच्या साधारण वीस-बावीस उरतात. नको असलेल्या फाडायच्या नाहीत, एका डब्यात. हे एका तासाचं काम आहे आणि खरं एडिटिंग इथेच होतं.

मग लॅपटॉपवर प्रत्येक गटाला ४५ मिनिटांच्या दोन पाळ्या. केडेनलाइव्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि वॉटरमार्कही टाकत नाही. मोबाइलवरची बरीच ॲप फुकट आवृत्तीत स्वतःचं नाव चिकटवतात. पहिल्या पाळीत चिठ्ठ्यांच्या क्रमाने नुसतं रचायचं. दुसऱ्या पाळीत लांबी: क्लिप चालवायची आणि मुलांनी "काप" म्हणायचं. सगळे एका सुरात म्हणाले तर जागा बरोबर. दोघं आधी आणि तिघं नंतर म्हणाले तर दोन्ही करून बघायचं. आणखी एक लॅपटॉप उसना मिळवाच.

तिसरी_घंटा
कीबोर्ड मुलांच्या हातात द्यावा असं मला वाटतं. "काप" ओरडणं म्हणजे कापणं नाही.

संकलिका
१२-१४ वर्षांच्यांना जरूर द्या. ९ वर्षांच्या मुलाला ४५ मिनिटांत ॲप शिकवायचं की सिनेमा, यात सिनेमा निवडावा. पण "काप" म्हटल्यावर कळ त्याने दाबावी. फक्त ती एक कळ, तिच्यावर लाल टिकली लावून.

तिसरी_घंटा
लाल टिकली मान्य.

पाटो_पूल
कथांबद्दल एक. मुलांना विषय सुचवा म्हटलं की पहिल्या फेरीत खून, अपहरण आणि भूत येतं. नाही म्हणू नका. प्रश्न विचारा: हे आपल्या वाड्यावर कुठे घडेल? कोणाला काय हवंय? आड काय येतंय? तीन पात्रं, एक जागा, दिवसाउजेडी, अशी कुंपणं घाला. भुताला एकच नियम पुरतो: दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. तिथून मुलं आपणहून आवाजाकडे वळतात. देवचाराची (गावाच्या राखणदाराची) गोष्ट येईलच, ती घरातल्या मोठ्यांना विचारून आणायला सांगा, प्रत्येक घरी वेगळी असते.

ज्या गटाला कथाच सुचत नाही त्याला चित्रांची हालचाल (एकेक फोटो जोडून केलेला सिनेमा, स्टॉप मोशन) द्या. फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप महिनाभर एकेका फ्रेमने टिपून "अंकुराची वाढ" केली होती, १९१२ च्या सुमारास. मुलांना आंब्याच्या बाठी, शिंपल्या, चप्पल, काहीही पुरतं. सेकंदाला १२ फोटो. दहा सेकंदांना १२०. फोन बाकाला घट्ट बांधा, उजेड लॉक करा, खिडकीतलं ऊन अडवा नाहीतर ढग गेला की चित्र लुकलुकतं. बटण दाबताना फोन हलतो, म्हणून वायरच्या इअरफोनचं आवाजाचं बटण वापरा. आणि सगळ्यांनी पांढरे सदरे घालू नयेत, वाकून बघताना त्यांचा उजेड परत टेबलावर पडतो.

मानशीवाला
दोन पात्रांचं बोलणं घेताना डावं-उजवं उलटं होतं, म्हणजे दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात. दोघांच्या पायांपासून जमिनीवर काथ्याची दोरी ताणून ठेवा. कॅमेरा दोरीच्या एकाच बाजूला. दोरी ओलांडली की चूक. नऊ वर्षांच्या मुलालाही समजतं.

जागेबद्दल, हे गांभीर्याने घ्या. डिचोली भागात बंद खाणींचे आणि चिरेखणींचे खंदक पाण्याने भरलेले आहेत. वरून निळंहिरवं, सुंदर दिसतं, मुलं तिथेच जाऊ म्हणतात. काठ ढासळता असतो आणि उतार एकदम खोल. तिथे जायचं नाही, लांबूनही नाही, यावर चर्चा नको. देवळाची तळी, ओहोळ, नदी इथे प्रत्येक गटासोबत पोहता येणारा एक मोठा माणूस. रस्त्यावरच्या शॉटला दोन्ही टोकांना मोठी माणसं उभी करा. जागा आदल्या दिवशी त्याच वेळेला बघून या: ऊन कुठून येतं, बस कधी जाते, मिक्सर कोणाकडे चालतो.

मे महिन्यात उजेड सकाळी साडेसात ते दहा चांगला. नंतर डोक्यावरचं ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली टाकतं. तेव्हा माडाखाली जाऊ नका, झावळ्यांची ठिपकेदार सावली चेहऱ्यावर पडते. आंबा, फणस किंवा घराची पडवी बरी. पडवीत पात्र उभं करून समोरून थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला की चेहरा उजळतो.

देवळाच्या आत किंवा मांडावर (गावातल्या विधींच्या जागेवर) काही टिपायचं असेल तर देवस्थान समितीला विचारा. काही विधी टिपू देत नाहीत, ते मुलांनाही सांगा.

शेवंती
खेळाच्या संध्याकाळबद्दल. मे महिन्याच्या मध्याला सूर्य सातच्या सुमारास मावळतो, साडेसातच्या आधी पडद्यावर काही दिसणार नाही. आठला सुरू करा. चार सिनेमे १२ मिनिटं, मधली बोलणी धरून तासभर. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, तोपर्यंत सगळं आवरलेलं हवं.

पडदा आठ फुटी असेल तर ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर अंधारात पुरतो. चादर एकच लावली तर उजेड आरपार जातो. दोन लावा, मागे गडद कापड, खाली बांबू बांधून ताणा, वारा सुटतो. सभागृहाच्या दारातली ट्यूब कोण बंद करणार हे ठरवून ठेवा.

आवाजाची तपासणी दुपारी. कॉलरचा माइक कधी कधी एकाच बाजूला, फक्त डावीकडे रेकॉर्ड होतो. हेडफोनवर कळतं, पण सभागृहात उजव्या बाजूचाच स्पीकर जोडलेला असेल तर पात्रं ओठ हलवतात आणि आवाज नाही. एडिटिंगमध्ये सगळे संवाद मोनो (दोन्ही बाजूंना सारखे) करून घ्या. लॅपटॉप झोपी जाण्याचं सेटिंग बंद, चारही सिनेमे पेनड्राइव्हवरसुद्धा, आणि एक लांब एक्स्टेन्शन, तिच्यावरून मुलं पडू नयेत म्हणून जमिनीला चिकटपट्टी.

मेच्या अखेरीस वळवाचा पाऊस आणि त्यासोबत वीज जाणं धरूनच चाला. खेळ उघड्यावर ठेवू नका.

चिऱ्याची_भिंत
नुसतं वाखूसा (वाचनखूण साठवली) नाही, वहीत उतरवून घेतलं सगळं. नवी आखणी अशी, पुन्हा एकदा नजर टाका.

सहा सकाळी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिली: एका मिनिटाचा स्थिर शॉट, सगळ्यांचा. दुसरी: कुंभाराकडे पाच शॉट, गटागटाने, उरलेले गट सभागृहात आवाज. तिसरी: कथा, दोरी, तालमी, जागा बघणं. चौथी आणि पाचवी: शूटिंग, साडेसातला सुरू, पाचवीला साडेदहानंतर चिठ्ठ्या. सहावी: एडिटिंग दोन लॅपटॉपवर. खेळ सातव्या संध्याकाळी, म्हणजे मध्ये एक पूर्ण दिवस हातात. मिररलेस कपाटात.

एक शंका उरली. चार वेगळे सिनेमे झाले तर "सगळ्यांचा मिळून" हे कुठे राहिलं? आम्हाला ते सोडायचं नाही.

कुळागर
चारही गोष्टी एकाच वाटेवर, एकाच सकाळी घडू द्या. एक वस्तू चौघांत फिरवा. पहिल्या सिनेमाच्या शेवटी जी पिशवी कोणी विसरतं ती दुसऱ्याच्या सुरुवातीला कोणालातरी सापडते. तिसऱ्या सकाळी चारही गटांनी बसून फक्त दोन गोष्टी ठरवायच्या: वस्तू कुठली आणि ती कोणत्या हातातून कोणत्या हातात जाते. ते हस्तांतराचे तीन शॉट दोन्ही गटांनी एकत्र घ्यायचे. वस्तू एकच असल्याने ती हरवू नये, जबाबदारी पाचव्या माणसाकडे.

संकलिका
उत्तम. त्या तीन शॉटांची वेळ तक्त्यात आधीच राखून ठेवा. दोन गट एका वेळी एका जागी आणणं हे सगळ्यात अवघड जाणार आहे.

आणि पहिल्या दिवसाचे वीस स्थिर शॉट टाकून देऊ नका. प्रत्येकाचे पाच सेकंद घेऊन सुरुवातीला जोडा, मग चार गोष्टी. तिथे वीसही मुलं येतात.

शेवंती
मराठी-कोंकणी अक्षरांबद्दल राहिलंच. काही ॲपमध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटतात, "प्र" चा "प् र" होतो. पाट्या आणि सबटायटल आधी करून बघा. अक्षरं पडद्याच्या उंचीच्या विसाव्या भागाएवढी, दोनच ओळी, पांढऱ्याला काळी कड.

चिऱ्याची_भिंत
श्रेयनामावलीत तर सगळी जोडाक्षरंच आहेत. वीस नावं!

वाळपईची
टाइप करूच नका. प्रत्येक मुलाला जाड काळं मार्कर आणि कोरा कागद द्या, आपलं नाव आपल्या हाताने लिहू दे, त्याला हवं त्या लिपीत, घरी जसं म्हणतात तसं. कागदाचा वरून, सावलीत, फोटो घ्या आणि एकेक नाव तीन सेकंद दाखवा. वीस नावांना एक मिनिट लागेल. ते मिनिट कापू नका. समोर आजी-आजोबा बसलेले असतील, त्यांना वाचायला वेळ लागतो.